जुनी रेकॉर्ड नीट धुवा, सुई नीट लावा, मग ऐका

खरखर ऐकू आली की रेकॉर्ड ‘घासली’ म्हणून बाजूला टाकू नका. बऱ्याचदा चर, म्हणजे सुई ज्यातून फिरते ती खाच, शाबूत असतो. त्यात मळ बसलेला असतो, नाहीतर सुई चुकीची लागलेली असते. त्या खरखरीखाली तानपुरा तसाच्या तसा असतो आणि तो वर काढता येतो.

पहिलं काम म्हणजे तबकडी कशाची आहे ते ओळखणं. मिनिटाला 33⅓ आणि 45 फेऱ्यांच्या रेकॉर्डी बहुतेक व्हायनिलच्या असतात, हलक्या आणि किंचित लवणाऱ्या. 78 च्या बहुतेक लाखेच्या असतात, जड आणि ताठ, पडल्या की तुकडे. हा फरक धुण्याआधीच कळायला हवा, कारण अल्कोहोलने लाख विरघळते आणि त्याचं फडकं फिरलं की चरांची कायमची वाट लागते. शंका असेल तर लाखेचीच समजा.

व्हायनिलसाठी 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या लिक्विड सोपचे 2-3 थेंब एकत्र करा. लाखेसाठी अल्कोहोल वगळा, बाकी तेच. नळाचं पाणी नको: त्यातले क्षार वाळून चरात बसतात आणि टिकटिक आणखी वाढते.

सपाट जागी स्वच्छ मऊ कापड अंथरून त्यावर रेकॉर्ड ठेवा. मऊ ब्रशने सुटी धूळ काढल्याशिवाय पाणी लावू नका, नाहीतर तिचा चिखल होऊन तो चरातच दाबला जातो. मग एका बाजूला 15 ते 20 मिली द्राव पसरा, लेबलला थेंबही लागू न देता. मऊ, दाट केसांच्या ब्रशने चराच्याच दिशेने, गोल गोल, 3-4 वेळा फिरा. कडेकडून लेबलकडे आडवं कधीच घासायचं नाही. व्हायनिलवर द्राव मिनिटभर मुरू द्या, पण वाळू देऊ नका. लाखेची मात्र लगेच पुसा, कारण लाखेत मिसळलेली भुकटीची भर पाणी शोषते. मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवा, आणि दुसऱ्या, कोरड्या कापडाने टिपा. हे दुसरं धुणंच लोक टाळतात. मग धुतलेली रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त खरखरते, कारण सुटलेला मळ आणि साबण चरातच वाळलेला असतो. शेवटी अर्धा-पाऊण तास उभी करून, उन्हापासून लांब वाळवा.

धुतल्यानंतर पहिल्यांदा वाजवलीत की सुई बघा. टोकाला राखाडी कापसासारखा गोळा दिसेल. तो कोरड्या ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने काढा. उलट किंवा आडवा ब्रश फिरवला तर सुईची बारीक दांडी वाकते.

आता सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन. आधी अँटी-स्केटिंग (सुईला आतल्या बाजूला ओढ बसू न देणारी सोय) शून्यावर ठेवा आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, हवेत आडवा तरंगेल इतका तोला. तिथे वजनाचा आकडा शून्यावर आणा, मग कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या डबीसाठी) दिलेलं वजन लावा. बऱ्याच कार्ट्रिजना ते 1.5 ते 2.5 ग्रॅम असतं. अँटी-स्केटिंगही आता त्याच आकड्यावर आणा. हलकं वजन रेकॉर्डला सुखाचं, हा समज चुकीचा आहे. कमी वजनात सुई चर सोडून उसळते आणि भिंतींवर आपटते. झीज त्यानेच जास्त होते. म्हणून दिलेल्या मर्यादेत मध्याच्या थोडं वरच ठेवा.

बिघाड सगळ्यात आधी ऐकू येतो तो बाजूच्या शेवटी. एल.पी.च्या (33⅓ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डीच्या) कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंमी चर सरकतो, लेबलजवळ जेमतेम 21 सेंमी. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. शिवाय द्रुत लय नेमकी तिथेच येते, तानांची आणि वाद्यावरच्या ‘झाला’ची गर्दीही तिथेच. त्या जागी शब्दांतला ‘स’चा उच्चार फुसफुसत असेल किंवा तार सप्तक फाटत असेल, तर प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन मोजायच्या खुणांच्या पट्टीवर, कार्ट्रिजचा कोन तपासा. प्रोट्रॅक्टरच्या दोन्ही खुणांवर कार्ट्रिज रेषेला समांतर बसायला हवं. एकाच खुणेवर बसलं तर काम अर्धंच झालं.

78 साठी सुई वेगळीच लागते. तिचं टोक सुमारे 3 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर स्टिरिओ एल.पी.चं सुमारे 0.7 मिल. एल.पी.ची सुई रुंद चराच्या तळाशी जाऊन कचऱ्यात घासते, मग उरते ती नुसती खरखर. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. वरखाली हालचालीने येणारा बराच आवाज त्यानेच गळतो.

वेगही तपासा. जुन्या सगळ्या रेकॉर्डी नेमक्या 78 वर मुद्रित झालेल्या नव्हत्या. 78 ची रेकॉर्ड 75 ने वाजली तर षड्ज अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांशाइतका उतरतो आणि गळाही जड वाटू लागतो. गायकाची पट्टी माहीत असेल तर वेग कमी-जास्त करून ती जुळवा. आवाजाचा खरा पोत तेव्हाच कानावर येतो.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका, पॉलिथिनच्या नव्या पाकिटात घाला. मऊ पीव्हीसीचं पाकीट तर नकोच, त्याने कालांतराने व्हायनिलवर धुरकट डाग येतात. रेकॉर्डी उभ्याच ठेवा, तिरक्या कललेल्या नकोत आणि एकावर एक थप्पीत तर मुळीच नकोत.