गाडी हायवेला डुलते? कोन सेट बदलण्याआधी या चुका टाळा

नाशिक हायवेला पडघा मागे पडलं, काटा पंचाहत्तरच्या पुढे गेला आणि गाडीचं बूड डुलायला लागलं. हँडल शांत, पण मागून कुणीतरी कॅरिअर धरून डावी-उजवीकडे ओढतंय असं वाटत होतं. मागे बायको, टॉप बॉक्समध्ये दोन दिवसांचं सामान आणि बॉक्सवर बंजीने आवळलेला पाच लिटरचा पाण्याचा कॅन. "अहो, टायर बसलाय का?" बसला नव्हता. ठाण्यात परतल्यावर गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "साहेब, कोन सेट गेला." म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा जोड. बदलला. पुढच्या रविवारी गाडी तशीच डुलली.

त्या बिलातला अर्धा दोष माझा. मी गॅरेजमध्ये "गाडी हलते" एवढंच सांगितलं होतं. नेमकं काय हलतं, हे सांगितलंच नव्हतं.

थरथर आणि डुलणं एकच समजू नका

फक्त हँडल भराभर थरथरत असेल, सेकंदाला चार ते दहा वेळा, आणि तेही अनेकदा सत्तरवरून अॅक्सिलरेटर सोडल्यावर, तर आधी पुढे बघा: पुढचा टायर, चाकाचा बॅलन्स, व्हील बेअरिंग, कोन सेट. अख्खी गाडी सापासारखी संथ डुलत असेल, सेकंदाला दोन-चार वेळा, आणि वेग वाढेल तसं वाढत असेल, तर शोध मागून सुरू करा: सामान, मागचा टायर, शॉकअप, स्विंगआर्म (मागचं चाक फ्रेमला जोडणारा दांडा). कोन सेट यातही भागीदार असू शकतो, पण पहिला संशयित तो नाही.

तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ भास. सायन-पनवेलच्या काँक्रीटवर लांबीच्या दिशेने खाचा असल्या की टायर त्यांच्या मागे जातो आणि गाडी पोहते. डांबर लागताच ते थांबलं, तर गाडीला हात लावू नका. वाशी खाडीपुलावरचा आडवा वाराही तसाच. तिथल्या धक्क्यावरून कुणी पार्ट बदलू नयेत.

सामान "बसलं" म्हणजे झालं, असं मानू नका

माझ्या मते टूरिंगमधली निम्मी दुखणी इथली आहेत. साधा हिशेब करा. दोन चाकांत १४० सेंमी अंतर आहे आणि टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्या ४० सेंमी मागे लटकतोय. त्यात १० किलो टाकले तर मागच्या चाकावर जवळपास १३ किलो येतात आणि पुढच्या चाकावरचे सुमारे ३ किलो कमी होतात. म्हणजे पुढचं चाक हलकं, मागचं दबलेलं, आणि वजन उंच टोकाला. पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन माणूस नीट चालतो. तोच हंडा काठीच्या टोकाला बांधून चालून बघा.

जड वस्तू, म्हणजे टूलकिट, कुलूप-साखळी, पाणी, सॅडल बॅगांत खाली आणि पुढच्या बाजूला भरा. दोन्हीकडे वजन सारखं ठेवा. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, कपडे. बॉक्सवर किती किलोची मर्यादा छापली आहे तेही एकदा वाचा, वाचून आश्चर्य वाटेल. प्लेटचे बोल्ट हाताने हलवून बघा. सैल प्लेट स्वतःच डुलते आणि गाडीलाही डुलवते.

डबलसीट आणि सामान असताना शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण, वाढवायचा असतो. त्यासाठीचा सी-स्पॅनर बहुतेकांच्या सीटखाली पॅकिंगसकट पडून असतो. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं तर मात्र प्रीलोडने काही होणार नाही. तो दुरुस्त करा किंवा बदला.

गरम टायरची हवा मोजू नका

घोडबंदरचा ट्रॅफिक काढून पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो आणि आकडा चढलेला दिसतो. "जास्त आहे" म्हणून हवा काढली जाते आणि सकाळी थंड टायरमध्ये ती कमी भरते. स्वतःचा गेज घ्या, निघण्याआधी घरीच मोजा. स्विंगआर्म किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगळे आकडे असतात. आपण वर्षभर एकट्याचाच आकडा भरतो.

नक्षी आहे म्हणजे टायर चांगला, असं नाही

रोज ठाणे-बेलापूर रोडने सरळ रेषेत ऑफिस गाठणाऱ्याचा मागचा टायर मधोमध चपटा होतो. कडेची नक्षी नवीकोरी, म्हणून टायर चांगला वाटतो. तळहात आडवा फिरवा. गोलाईऐवजी मध्ये सपाटी आणि दोन्हीकडे धार लागली, तर गाडी लेन बदलताना अडखळणार आणि वळणात डुलणार. माझा मागचा टायर असाच होता.

कोन सेट आवळून डुलणं थांबवू नका

मेन स्टँडवर पुढचं चाक उचला, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, खालून धरून मागे-पुढे ढकला. टक टक लागलं तर कोन सेट ढिला. मग हँडल बोटाने सावकाश फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं, तर बेअरिंगची वाटी खाल्ली गेली आहे, आवळून उपयोग नाही. फार आवळला तर हँडल स्वतःहून सरळ होत नाही आणि कमी वेगातही गाडी तुम्हाला सतत सांभाळावी लागते. मागचं चाक असंच आडवं हलवून बघा. चाकाऐवजी स्विंगआर्मच फ्रेमपाशी हलला तर त्याच्या सांध्यातले बुश गेले. ते घरी करायचं काम नाही.

स्टिअरिंग डँपर लावून मोकळं व्हायचा सल्लाही मिळतो. हा डँपर हँडलची थरथर दाबतो, पण जास्त वेगातलं डुलणं त्याने वाढूही शकतं.

डुलायला लागल्यावर ब्रेक मारू नका

हँडल घट्ट धरलं की तुमचे हातच झोके वाढवतात. पकड सैल, गुडघे टाकीला, छाती थोडी पुढे, अॅक्सिलरेटर हळूहळू कमी. आणि तपासणी म्हणून हँडल सोडून चालवू नका, कितीही व्हिडिओ पाहिले असले तरी.

सगळं एकदम बदलू नका

मी शेवटी खारेगाव ते पडघा हाच पट्टा धरला, पहाटे, ८० च्या मर्यादेत, दर वेळी एकच बदल. कॅन आणि बॉक्स उतरवला, डुलणं निम्म्यावर आलं. हवा नीट केली, आणखी कमी झालं. मागचा टायर नवीन घातला आणि संपलं. बॉक्स परत लावलाय, फक्त कपड्यांसाठी. आता कसाऱ्यापर्यंत मागे फक्त बायको डुलते, डुलकी लागून, आणि त्यावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही.