आंबा प्रक्रिया कारखान्यातील पहिला हंगाम: पीएच, ब्रिक्स आणि तापमान

अन्न तंत्रज्ञानाची पदवी घेऊन कोकणातील आंबा प्रक्रिया कारखान्यात येणाऱ्या नवख्याला बहुधा आधी गुणवत्ता विभागात ठेवतात. तिथे त्याच्या हाती पीएच मीटर, रिफ्रॅक्टोमीटर (विरघळलेल्या साखरेसारख्या घन पदार्थांचे प्रमाण मोजणारे साधन) आणि तापमापक एवढीच साधने येतात. माझीही सुरुवात तिथूनच झाली. कृतीचा कागद दर हंगामात तोच असतो, फळ मात्र दररोज बदलते, आणि हा बदल या तीन साधनांखेरीज कशानेही नेमका कळत नाही.

त्यांत पीएचला, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या आकड्याला (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), मी सर्वांत वरचे स्थान देतो. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, आणि हवाबंद डब्यात प्राणवायू नसल्यामुळे त्यांना वाढण्यास, घातक विष तयार करण्यास अनुकूल स्थिती मिळते. मात्र पीएच ४.६ च्या खाली ते रुजत नाहीत. म्हणूनच आंब्याच्या गराच्या डब्यांना उकळत्या पाण्यातील प्रक्रिया पुरते, तर मटारच्या डब्यांना रिटॉर्टमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या दाबाखालील बंद पात्रात, साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. कैरीत आम्ल भरपूर असते, पण फळ पिकत जाते तसे ते घटते, आणि पूर्ण पिकलेल्या हापूसचा पीएच ४ च्या आसपास, कधी त्याच्याही वर जातो. हंगामाच्या अखेरीस येणारा अतिपक्व आंबा चवीला उत्तम असला तरी प्रयोगशाळेला तोच अधिक जपावा लागतो. सायट्रिक आम्ल किती घालायचे, हे कालच्या बॅचवरून ठरवू नये. मोजण्यापूर्वी मीटर पीएच ४ आणि ७ च्या बफर द्रावणांवर (पीएच ठाऊक व स्थिर असलेल्या द्रावणांवर) जुळवून घ्यावा आणि इलेक्ट्रोडला चिकटलेला गर धुवून काढावा. नव्या मुलांचे दुर्लक्ष होते ते नेमके या धुण्याकडे.

डबे थंड करण्याकडेही केवळ उरकण्याचे काम म्हणून पाहू नये. डबा थंड होताना आत निर्वात तयार होतो आणि जोडात सूक्ष्म फट असल्यास बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते, म्हणून थंड करण्याचे पाणी क्लोरीनयुक्त असावे लागते. डबे सुमारे ४० अंशांवर बाहेर काढतात, म्हणजे उरलेल्या उबेने ते बाहेरून वाळतात आणि गंज धरत नाहीत.

जॅममध्ये लक्ष विद्राव्य घन पदार्थांकडे वळते. त्यांचे प्रमाण किमान ६५ टक्के असावे, असे भारतीय मानक सांगते. समुद्रसपाटीला जॅम साधारण १०५ अंशांवर तयार होतो, हे पाठ असलेला कोकणातील मुलगा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी युनिटमध्ये गेला, तर तिथे त्याच आकड्याची वाट पाहत जॅम जास्त आटवून बसेल, कारण सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणीच ९५-९६ अंशांना उकळते. अशा वेळी तापमापकापेक्षा रिफ्रॅक्टोमीटरवर भिस्त ठेवावी. मात्र गरम थेंब प्रत्यक्षापेक्षा कमी ब्रिक्स (विद्राव्य घन पदार्थांची टक्केवारी) दाखवतो, म्हणून नमुना थंड करूनच वाचावा. पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळांतील पदार्थ, कोरड्या साखरेत मिसळून घालावे, नाहीतर गुठळ्या होतात. आम्ल मात्र शेवटाकडे घालावे, कारण आम्लात दीर्घकाळ उकळल्यास पेक्टिनची घट्ट करण्याची शक्ती कमी होते.

हंगाम संपल्यावर कारखान्याचा वेग उतरतो, आणि पुढे भाज्यांच्या किंवा तयार जेवणाच्या डबाबंद उत्पादनाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी हा काळ रिटॉर्ट शिकण्यात घालवावा. तिथे डब्यात सर्वांत उशिरा तापणारा बिंदू थर्मोकपलने (डब्याच्या आत बसवता येणाऱ्या तापमान-संवेदकाने) शोधावा लागतो: दाट गरात उष्णता वहनाने हळूहळू पसरते, त्यामुळे तो बिंदू डब्याच्या मध्यभागी सापडतो, तर पातळ पाण्यातील मटारमध्ये अभिसरण होत असल्याने तो मध्याच्या खाली सरकतो.