"वय झालं" आणि "आमच्यात आहेच": चाळिशी-पन्नाशीत या चुका टाळा

माझी आई ६१ व्या वर्षी घरातच, बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्यावरून घसरली, पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने. इथेच ठाण्यात नौपाड्यात डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी एक्सरे लाइटसमोर धरून पहिला प्रश्न विचारला, पाळी कधी गेली? आई म्हणाली, एक्केचाळीसला. मी आणि ताई एकमेकींकडे बघतच राहिलो, कारण इतक्या वर्षांत आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं.

तर पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आईला तिची पाळी कधी गेली ते न विचारणं. हे वय बऱ्यापैकी जनुकांवर ठरतं, त्यामुळे आईची लवकर गेली असेल तर लेकीचीही लवकर जायची शक्यता वाढते. आपल्याकडे साधारण ४६-४७ ला जाते, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. ४५ च्या आत गेली तर लवकर, आणि ४० च्या आत गेली तर "चला सुटलो" म्हणून सोडून द्यायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं बायकांचं हॉर्मोन, हाडं पोखरणाऱ्या पेशींना आवरून धरतं, पाळी गेली की ते कमी होतं आणि नंतरची पाच-सात वर्षं हाडं भराभर विरळ होतात आणि दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली असतील तर हे एका दिवसात सुरू होतं. हाडांची डेक्सा टेस्ट (हाडं किती विरळ झालीत ते मोजणारा एक्सरे) कधी करायची ते अशा बायकांनी लवकर विचारून घ्यावं.

आणि नुसतं चालणं पुरत नाही हो. उपवन तलावाला रोज फेऱ्या मारणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीच्या आहेत, चालणं हृदयाला चांगलंच आहे, पण हाडाला आणि स्नायूला वजन लागतं, डंबेल्स, उठाबशा, जिने. पुरुषांनाही हेच लागू.

पुरुषांचं थोडं वेगळं. त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, पाळीसारखं धाडकन जात नाही, तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का असं हळूहळू उतरतं. इथली चूक म्हणजे ऑफिसमधून संध्याकाळी परत येताना, जेवण झालेलं असताना, स्टेशनजवळच्या लॅबमध्ये टेस्ट द्यायची आणि आकडा कमी आला की घाबरायचं. ही टेस्ट सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि कमी आली तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत करायची असते. मग कुणीतरी जिममध्ये इंजेक्शन सुचवतं. कृपा करून घेऊ नका! बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू आतला कारखाना बंद करायला सांगतो, शुक्राणू बनणं थांबू शकतं, मूल हवं असलेल्या कितीतरी जोडप्यांना हे उशिरा कळतं. आधी पोट बघा, कारण पोटावरची चरबीच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते. आपल्या लोकांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

माझी स्वतःची चूक सांगते. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यातच थायरॉइड तपासलं, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) एकदम खाली आलं, थायरॉइड जोरात चाललंय म्हणून गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, अजून काय घेता? बायोटिन बंद करून आठवड्याने तपासलं तर रिपोर्ट अगदी नॉर्मल. बायोटिनमुळे टेस्टच चुकते, म्हणून रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद, डोस मोठा असेल तर त्याहून आधी.

आता "आमच्या घराण्यात शुगर आहेच" वाल्यांसाठी. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात आयुष्य किती लांबेल यातला साधारण पाव भाग जनुकांचा निघाला. म्हणजे घराण्याचा इतिहास हात टेकायला नाही, तपासणी लवकर सुरू करायला वापरायचा. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ची टेस्ट करून घ्या, त्याचं प्रमाण जवळपास पूर्ण जनुकांवर ठरतं, आयुष्यात एकदा केली तरी चालते आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमध्ये ती नसते. आणि ब्रेस्ट कॅन्सरची हिस्ट्री सांगताना आत्याला विसरू नका, ज्याने हा धोका वाढतो तो बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो.

पाळी जातानाच्या त्रासासाठी हॉर्मोनच्या गोळ्या म्हटलं की "कॅन्सर होतो" हे २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासामुळे डोक्यात बसलंय. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, खूप घाम, झोप नाही असा त्रास असेल आणि आधी ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठी झालेल्या नसतील, तर बऱ्याच जणींना फायदा जास्त असतो. गायनॅककडे जाऊन विचारा, वर्षानुवर्षं अंगावर काढू नका.

एक गोष्ट मात्र अजिबात थांबवायची नाही. पाळी जाऊन पूर्ण वर्ष झालं आणि त्यानंतर कधीही डाग दिसला, अगदी एकदाच, पुसट, तरी "परत आली वाटतं" म्हणून सोडू नका. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असाच पहिल्यांदा दिसतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो. त्याच आठवड्यात सोनोग्राफी, आणि डॉक्टर म्हणाले तर बायोप्सी.