आजारपणाच्या भत्त्यावरील लोकांची संख्या वाढली, तर कारण कसे शोधावे

एखाद्या देशात कामाच्या वयातील लाखो लोक आजारपणाच्या किंवा अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यावर अवलंबून आहेत असे वाचले, की दोन निष्कर्ष चटकन काढले जातात: एक तर लोक कामचुकार झाले असावेत, नाहीतर सगळा देशच आजारी पडला असावा. आकड्यामागचे नियम आणि माणसे पाहिली, तर यांपैकी एकही निष्कर्ष सहसा टिकत नाही. पुढील क्रमाने तपास केल्यास दिशाभूल बरीचशी टळते.

आधी कोणता भत्ता मोजला आहे, ते पाहावे. काही भत्ते बुडालेल्या पगाराची भरपाई करतात, तर काही अपंगत्वामुळे येणारा जादा खर्च भागवतात. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेले ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ दुसऱ्या प्रकारातले आहे आणि ते नोकरी करणाऱ्यालाही मिळते. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या कमी उत्पन्नाच्या किंवा बेकार लोकांसाठीच्या भत्त्यातील आरोग्याचा हिस्सा मात्र तपासणीत ज्यांची काम करण्याची क्षमता अपुरी ठरते, त्यांच्यासाठी असतो. अनेक जण दोन्ही घेतात. म्हणून दोन्ही याद्यांची बेरीज करून तेवढी माणसे घरी बसली आहेत असे सांगणे चूक आहे, आणि असे सांगणारे कमी नाहीत.

त्यानंतर वयाचा हिशेब करावा. ब्रिटनमध्ये २०१० पर्यंत स्त्रियांना साठाव्या वर्षी सरकारी पेन्शन मिळत असे. ती वयोमर्यादा २०१८ पर्यंत ६५ आणि २०२० मध्ये ६६ झाली. गुडघे किंवा पाठ निकामी झालेली बासष्ट वर्षांची स्त्री पूर्वी पेन्शनर म्हणून मोजली जाई, आता तिची गणना कामाच्या वयातील आजारी व्यक्तींमध्ये होते. अमेरिकेत १९५६ मध्ये सुरू झालेला अपंगत्व विमा प्रथम पन्नाशी ओलांडलेल्यांपुरता होता, १९६० मध्ये ती अट काढण्यात आली. पुढे नोकरदार स्त्रिया मोठ्या संख्येने विम्याच्या कक्षेत आल्या, युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी आजारांच्या वयात पोहोचली आणि २०१४ च्या सुमारास अपंग कामगार लाभार्थींची संख्या ९० लाखांच्या जवळ गेली. नंतर ती उतरू लागली. त्या पिढीतील अनेक जण निवृत्तीच्या यादीत गेले, हे त्याचे एक कारण होते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षही तिच्याकडेच होते: लाभार्थी कोणत्या भागात राहतात आणि तिथले रोजगार कुठे गेले, ते तपासावे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस काम करण्यास असमर्थ म्हणून भत्ता घेणारे सुमारे साडेसात लाख होते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते सुमारे २५ लाख झाले. एवढ्या काळात देशाची प्रकृती तिपटीने ढासळली नव्हती. साउथ वेल्स आणि ईशान्य इंग्लंडमधील कोळसा खाणी व पोलादाचे कारखाने मात्र बंद पडले होते. तिथल्या कामगारांची दुखणी खोटी नव्हती. धुळीने फुफ्फुसे खराब झालेली होती, कंबर गेलेली होती. खाण सुरू असताना अशा माणसाला हलके काम देऊन सांभाळून घेता येई, पण खाण बंद झाल्यावर त्या वयाला, त्या शिक्षणाला आणि त्या शरीराला झेपेल असे काम जवळपास उरले नाही. असमर्थता शरीराइतकीच उपलब्ध कामावरही ठरते, आणि डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर यातली एकच बाजू लिहिलेली असते.

चौथ्या पायरीवर नियमांत कोणाचा फायदा आहे, ते पाहावे. नेदरलँड्समध्ये १९६७ च्या कायद्याने उदार अपंगत्व भत्ता आला. वयस्क कामगारांना नोकरीवरून काढण्यापेक्षा त्या भत्त्यावर पाठवणे मालकांना सोयीचे होते, आणि बेकारी भत्त्यापेक्षा तो बरा असल्याने कामगारांचाही विरोध नसे. १९९० च्या सुमारास लाभार्थी दहा लाखांच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा ‘नेदरलँड्स आजारी आहे’ असे पंतप्रधान रूड लुबर्स यांना म्हणावे लागले. पुढे आजारी कामगाराच्या वेतनाची दोन वर्षांची जबाबदारी मालकांवर टाकण्यात आली, २००६ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि नव्याने भत्त्यावर येणाऱ्यांची संख्या खूपच घटली. ब्रिटनमध्ये २०२५-२६ साली पंचविशी ओलांडलेल्या एकट्या व्यक्तीचा ‘युनिव्हर्सल क्रेडिट’चा मूळ मासिक भत्ता सुमारे ४०० पाउंड होता, तर आरोग्याचा हिस्सा मिळाल्यास त्यात सुमारे ४२३ पाउंडांची भर पडत असे. मूळ भत्त्यावर भागत नसेल आणि काम शोधत असल्याचा पुरावा न दिल्यास तोही कापला जाणार असेल, तर खरोखर आजारी असलेला माणूस आपल्या आजाराची नोंद करून घेण्याचा प्रयत्न करणारच. त्याला लबाडी म्हणणे मला पटत नाही.

आजारांचे स्वरूपही पाहावे, मात्र जपून. तरुण अर्जदारांमध्ये मानसिक आजारांचे, तर वयस्कांमध्ये हाडे, सांधे व स्नायूंच्या दुखण्यांचे प्रमाण मोठे असते. इंग्लंडमधील रुग्णालयांची प्रतीक्षायादी सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली होती, आणि उपचार लांबले की कामावर परतणेही लांबते. तथापि त्या यादीत पेन्शनरही असतात आणि एकाच रुग्णाच्या अनेक नोंदीही असतात, त्यामुळे ती यादी भत्त्याच्या यादीशी थेट जोडू नये.

शेवटी, दरवर्षी किती नवे लोक आले आणि किती बाहेर पडले, हे दोन आकडे वेगवेगळे मागवावेत. येणारे तेवढेच असूनही बाहेर पडणारे घटले, तर एकूण संख्या फुगते. बाहेर पडणे अवघड असण्यामागे भीती असते: मोठ्या खटपटीने मंजूर झालेला भत्ता सोडून नोकरी धरली आणि ती प्रकृतीला झेपली नाही, तर पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी आणि तोपर्यंत हातात काही नाही. अमेरिकेच्या अपंगत्व विम्यात भत्ता चालू ठेवून नऊ महिने काम करून पाहण्याची सोय आहे, तरीही कमाईच्या जोरावर भत्ता सोडणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्पच राहिले आहे. म्हणून अशी सोय कागदावर आहे की नाही एवढे पाहून न थांबता, काम न झेपल्यास पहिला भत्ता किती दिवसांत आणि कोणत्या अटींवर परत मिळतो, हेही नियमांत शोधावे.