मोहाची ती एक पायली: गावासोबत पीएच.डी. करताना

पीएच.डी.साठी केलेली माझी पहिली प्रश्नावली गावाने एका संध्याकाळी निम्मीअधिक खोडली. गाव माझंच, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं. आम्ही गोंड. विषय मोहफुलांचा. लहानपणापासून आईबरोबर पहाटे टोपली घेऊन मोह वेचला, तेव्हा मला सगळं ठाऊकच आहे, या भरवशावर मी प्रश्न लिहून नेले होते.

दुसराच प्रश्न होता, ‘मोहापासून महिन्याला किती उत्पन्न मिळतं?’ शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘महिन्याचा कसा सांगू बाई? मोह पडते उन्हाळ्यात. चार पायल्या बाजारात गेल्या, दोन घरी ठेवल्या, एक सुनेच्या माहेरी धाडली. ते मोजतेस का तू?’

माहेरी धाडलेली ती पायली, म्हणजे मापभर मोह, माझ्या एकाही रकान्यात बसत नव्हती. पुढे प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिच्यावरच उभं राहिलं.

आदिवासी घरातून संशोधनात येणाऱ्या माझ्या भावंडांना म्हणून पहिली गोष्ट सांगते: विषयाचा आराखडा विद्यापीठात मंजूर झाल्यावर ग्रामसभेत जाऊ नका, आधी जा. नंतर गेलात तर लोक आपल्या लेकराला नाही म्हणत नाहीत, पण तेव्हा बदलायला काही उरलेलं नसतं.

आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण जवळून समजून घ्या. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. तिच्यामागचा अभ्यासगट फार थोड्यांना माहीत असतो. प्रश्न गावाचा, चर्चेला बसणार गावकरी, गरज पडली तर बाहेरचा जाणकार बोलवायचा आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षांचा हा अभ्यास होता. मला तरी हे संशोधनाचं नेतृत्वच वाटतं, त्यावर पदवीचा शिक्का असो वा नसो.

ग्रामसभेचा ठराव लेखी घ्या. नोंदवह्या आणि रेकॉर्डिंग कुणाकडे राहतील, कुणाचे फोटो छापायचे नाहीत, कोणत्या औषधी झाडाची माहिती गावाबाहेर जाऊ द्यायची नाही, हे त्यात स्पष्ट असू द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता केली. मार्गदर्शकांना ठरावाची गरज पटवताना मला तिचा फार आधार झाला.

एका समितीसमोर मला विचारलं गेलं, ‘तुम्ही त्याच समाजाच्या, मग तटस्थता कशी राहणार?’ त्या दिवशी मी गप्प बसले आणि रात्रभर रडले. तुम्ही गप्प बसू नका. आपण कोण, कुणाचं घर आपल्या नात्यातलं, कुठे आपल्याला आधीच माहीत होतं आणि कुठे आपण चुकलो, हे पद्धतीच्या प्रकरणात सविस्तर लिहा. मी पुढच्या बैठकीत खोडलेली प्रश्नावलीच टेबलावर ठेवली. मग चर्चा कामावर झाली.

मुलाखती गोंडीत घ्या आणि गोंडी शब्द तसेच ठेवून पुढे मराठी अर्थ द्या. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं ग्रंथालय जरूर पाहा. महादेव कोळी समाजातले डॉ. गोविंद गारे या संस्थेचे संचालक होते. आपल्या माणसाने आपल्या लोकांवर लिहिलेलं तिथे हातात धरताना मला जो धीर आला, तो कुठल्याच कार्यशाळेत आला नव्हता. पैशांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जागा. जातवैधतेचे कागद आधीच तयार ठेवा.

प्रबंध जमा करण्याआधी तिसरं प्रकरण मी गोटुलात, म्हणजे गाव एकत्र जमतं त्या घरात, गोंडीतून वाचून दाखवलं. काकी शेवटपर्यंत बसल्या होत्या. उठताना म्हणाल्या, ‘माहेरी पायली जाते लिवलीस. तिकडून हळद येते, तेही लिव.’ त्या रात्री तक्त्यात मी आणखी एक रकाना आखला.