एक्स्टेन्शन प्रोग्रॅम करायला बसण्याआधी

ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसातल्या फोनना आतले नंबर (एक्स्टेन्शन) देऊन बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्राचं, प्रोग्रॅमिंग तसं पटकन होतं हो, पण आधीचं कागदावरचं काम कच्चं असेल तर नंतर आठवडाभर निस्तरत बसावं लागतं, म्हणून पहिल्यांदा वही-पेन घ्या आणि ऑफिसभर फिरा. प्रत्येक टेबलापाशी लिहायचं, कोण बसतं, फोन साधा आहे का की-फोन (सिस्टिमचाच, जास्त बटणांचा), सॉकेटवर काय नंबर आहे आणि त्याच्या तारांची जोडी क्रोनवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन जोडतात त्या पट्टीवर, कुठे येते. एचआरच्या यादीवर भागवू नका, त्यात सोडून गेलेली माणसं सापडतात आणि पॅन्ट्री, वॉचमनची केबिन, सर्व्हर रूम यांचा पत्ताच नसतो, आणि रात्री फोन लागतो तो नेमका तिथेच.

आता नंबर, आणि हे मी हट्टाने सांगतो, 1 ने सुरू होणारं एक्स्टेन्शन ठेवू नका. बऱ्याच सिस्टिम नव्या असताना 101 पासूनच नंबर देतात आणि लोक तेच चालू ठेवतात. पण 101 म्हणजे फायर ब्रिगेड, 100 पोलीस, 108 अँब्युलन्स, 112 या सगळ्यांसाठी मिळून, आणि आपल्याकडे मुंबईत 1916 म्हणजे बीएमसीचा आपत्कालीन कक्ष. धूर दिसल्यावर माणूस आधी 0 दाबून लाइन घ्यायची हे आठवत बसत नाही, तो सरळ 101 दाबतो, आणि बेल वाजते अकाउंट्समध्ये, जिथे रात्री कोणीच नाही. म्हणून 201 पासून सुरू करा, मजल्याप्रमाणे पहिला आकडा बदला, आणि हे इमर्जन्सी नंबर 0 न दाबता थेट बाहेर जातील असं सिस्टिममध्ये भरून ठेवा.

कोणाला कुठवर कॉल लावू द्यायचा ते मालकांकडून लिहून घ्या, तोंडी नको. लाइन घेतल्यावर दाबायचं आयएसडीचं 00 सगळीकडे बंद, ज्याला आयएसडी खरंच लागतं त्यालाच उघडायचं. मोबाइलचं मात्र नीट समजून घ्या. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी 0 लावावा लागतो, म्हणजे आपल्या माणसाला एक 0 लाइनसाठी आणि दुसरा मोबाइलसाठी. जुन्या प्रोग्रॅमिंगमध्ये 0 म्हणजे एसटीडी समजून लॉक केलेलं असतं, मग मोबाइलही लागत नाही आणि सगळे लाइनला दोष देतात. मोबाइल 6 ते 9 नेच सुरू होतात, तेव्हा लाइन घेतल्यानंतरचे 01 ते 05 बंद आणि 06 ते 09 चालू एवढं करा. त्यात 080 चं बंगळुरू आणि 079 चं अहमदाबादही उघडं राहतं, कारण 80 ने सुरू होणारा मोबाइल आणि बंगळुरूचा लँडलाइन 0 धरून दोन्ही 11 आकडीच, नुसत्या सुरुवातीच्या आकड्यांवरून सिस्टिमला फरक कळत नाही. हे मालकांना आधीच सांगा.

बॅगेत पंचिंग टूल (क्रोनमध्ये तार दाबून बसवायला), टोनर (आवाज सोडून तार शोधायचं यंत्र), जंपर वायर, आरजे11 चे दोन-चार कॉर्ड आणि हमखास चालू असलेला एक साधा फोन. कमी पडलं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड आहेच, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद. पावसाळ्यात काम असेल तर क्रोन बॉक्स आधी उघडून बघा, फोर्टातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये जिन्याखालचे बॉक्स ओल धरतात, जोडीवर हिरवट थर चढतो आणि लाइनवर खरखर येते, ती प्रोग्रॅमिंगने जाणार नाही, जोडीच बदलावी लागते.

प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड आधीच्या व्हेंडरकडून आठवडाभर आधी मागून घ्या आणि 1234 असेल तर काम झाल्यावर बदला. कशालाही हात लावण्याआधी जुन्या सेटिंगचा बॅकअप घ्यायचा, लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर दोन्हीकडे. लाइट गेल्यावर कुठली लाइन कुठल्या फोनवर थेट जाते तेही बघून ठेवा, तो फोन वॉचमनकाकांच्या केबिनमधे असलेला बरा, आणि तिथे तेव्हा 0 दाबायचा नसतो हे त्यांना समजावून सांगा. शेवटी टेस्ट करताना 112 ला खरा कॉल लावू नका, उगाच कोणाची तरी लाइन अडते, सिस्टिममधलं टेबल पुन्हा एकदा वाचून खात्री करा.