ट्रेलरचा बंद पडलेला जुना घोडा घ्यायचा का नाही, कसं ठरवायचं

शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत हायवेच्या कडेनं बघत गेलात तर कुठल्यातरी गॅरेजमागं गवतात उभा असलेला एखादा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी इंजिन-केबिनची पुढची गाडी, दिसतोच, टायर बसलेले, केबिनमध्ये उंदरांचा संसार, आणि मालक म्हणणार "चालू गाडी उभी केलीय, फक्त बॅटरी टाका". हंगाम संपला, हप्ते अंगावर आले की असल्या गाड्या विकायला निघतात आणि किंमत ऐकली की आपल्यालाही वाटतं घेऊन टाकावी. घ्या की, पण खालच्या क्रमानं बघून घ्या. बहुतेक जण आधी मिस्त्री घेऊन इंजिन बघायला जातात, मी म्हणतो आधी मोबाईलवर गाडीचा नंबर टाका.

१) कागद

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की पासिंग (फिटनेस सर्टिफिकेट) कधी संपलं, टॅक्स, इन्शुरन्स, पीयूसी, फायनान्सचा बोजा दिसतो. ई-चलन वेगळं बघायचं. घोड्याची आरसी वेगळी आणि मागच्या ट्रेलरची वेगळी असते, जोडी घेताय तर दोन्ही नंबर तपासा, नाहीतर घोडा तुमच्या नावावर आणि ट्रेलर अजून फायनान्सवाल्याचा असं व्हायचं. "हप्ते फिटलेत" हे तोंडी चालत नाही, फायनान्स कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पाहिजे. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर, त्याला फॉर्म ३१, आणि चार भाऊ असतील तर चौघांशी बोला बाबा, एकटाच धाकटा भाऊ सौदा करत असेल तर चहा पिऊन परत या.

गाडी बंद होती म्हणून टॅक्स बंद होता असं नसतं. मालकानं आरटीओला नॉन-यूज, म्हणजे गाडी वापरात नाही असं, कळवलं असेल तर ठीक, नसेल तर गवतातल्या गाडीवर पण टॅक्स चढत राहतो, पर्यावरण कर वेगळाच. पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यापुढं दरवर्षी. नियमात पासिंग संपल्यापासून दिवसाला ५० रुपये लेट फी लिहिलीय, म्हणजे तीन वर्षं उभ्या गाडीचे पन्नास हजारांच्या वर तिथंच गेले, प्रत्यक्षात किती लावतात ते साताऱ्यात किंवा सांगलीत खिडकीवर विचारून घ्या. १५ वर्षांवरच्या हेवी गाडीची फिटनेस फी एप्रिल २०२२ पासून १२,५०० केली होती, जास्त जुन्या गाड्यांना पुढं अजून वाढली, तेव्हा आजचा आकडा पोर्टलवर बघा.

आणि परमिट. नॅशनल परमिट साध्या दोन ॲक्सलच्या मालगाडीला १२ वर्षांपर्यंत, मल्टिॲक्सलला १५ वर्षांपर्यंत. त्यापुढं ते मिळत नाही, मग कागलच्या पुढं, कर्नाटकात, भाडं मारायचा विचार सोडा आणि महाराष्ट्रातल्या भाड्यावर हिशोब बसतोय का बघा. एनएल (नागालँड) नाहीतर केए (कर्नाटक) नंबरची गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणायचं काम विकणाऱ्याच्या गळ्यात घाला, सौद्यातच तसं लिहून घ्या.

इथंच गाडी नापास झाली तर पुढचं वाचायची गरज नाही, अशी गाडी फक्त भंगाराच्या भावात, ते पण रीतसर आरसी रद्द करून.

२) चेसी

चेसी नंबर उजव्या पट्टीवर ठोकलेला असतो, गंज घासून काढा, पेन्सिलनं छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आकडे वरखाली दिसले, घासल्यासारखे वाटले तर तिथूनच मागं फिरा, किंमत कितीही कमी असू दे. इंजिन नंबर पण जुळवा, कारण इंजिन बदललेलं असतं आणि आरसीवर चढवलेलं नसतं. मग टॉर्च मारून स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि फिफ्थ व्हीलच्या (ट्रेलर जोडायच्या थाळीच्या) खाली चिरा, वेल्डिंग, नव्या रंगाचा ठिपका शोधा. सगळी गाडी मळकी आणि एवढाच तुकडा काळाभोर चमकतोय म्हणजे काय ते समजून जा.

३) इंजिन, पण सेल्फ मारू नका

विकणारा बॅटरी आणून लगेच सेल्फ मारायला लागतो, त्याला थांबवा. डिपस्टिक काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. डिपस्टिक स्वच्छ दिसली तरी इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट हळूच सैल करा, पाणी जड असतं, तळाला बसतं, ऑइलच्या आधी पाणी टपकलं तर हेड गॅसकेट, लायनर, नाहीतर ऑइल कूलर यातलं काहीतरी गेलंय. रेडिएटरचं झाकण काढून तेलाचा तवंग बघा.

आता गाडी न्यूट्रलला टाकून पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून इंजिन हातानं फिरवा. पूर्ण दोन फेरे फिरलं तर बरंच काही वाचलं. जाम असेल तर डिझेलचे नोझल काढून सिलेंडरमध्ये थोडं डिझेल-ऑइल सोडून एकदोन दिवस ठेवतात आणि मग परत फिरवतात, पण ही मेहनत तुम्ही सौदा व्हायच्या आधी फुकट कशाला करायची, जाम इंजिनला फुल इंजिनाचं काम धरा आणि तेवढे पैसे किंमतीतून काढा.

फिरतंय म्हणल्यावर मग जुनं डिझेल काढून टाका (टाकीत पाणी आणि गंज असतोच), नवा फिल्टर, एअर काढा, आणि पंप बंद ठेवून आधी नुसतं सेल्फवर फिरवून ऑइल प्रेशर येऊ द्या. टर्बो असलेल्या इंजिनला स्टार्ट करताना इनटेकच्या तोंडाशी जाड फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा, इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळायला लागलं तर चावीनं बंद होत नाही, हवाच तोडावी लागते. तिथं हात लावायचा नाही. चालू झालं की ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून धूर-हवा किती जोरात येते ते, बघा.

एप्रिल २०१७ नंतर रजिस्टर झालेली गाडी बीएस ४ ची (प्रदूषणाचा नियम) किंवा त्यापुढची, म्हणजे बहुतेक गाड्यांत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग आलं. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असेल तर फॉल्ट शोधण्यातच महिना जातो. नवख्या माणसानं मेकॅनिकल पंपाचं जुनं इंजिनच बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, गावातला मिस्त्री पण ते खोलू शकतो.

४) हिशोब

खालची किंमत भंगाराची. आरसीवर अनलेडन वजन असतं, समजा ६,५०० किलो, आणि भंगारवाला किलोला ३० रुपये म्हणतोय तर १ लाख ९५ हजार, त्यातून कटिंग आणि वाहतूक वजा करा. दर सारखा बदलतो, कुपवाडला दोघातिघांना फोन करा. वरची किंमत म्हणजे तसलाच चालू, पासिंग असलेला घोडा आज जेवढ्याला जातोय ती. त्यातून इंजिन, सगळे टायर (साइडवॉलवरच्या चार आकड्यात आठवडा आणि वर्ष असतं, नक्षी भरपूर असली तरी सात-आठ वर्षांचं रबर लोडला टिकत नाही), बॅटऱ्या, ब्रेकचं रबरी सामान, कागदांची थकबाकी आणि इन्शुरन्स काढा. नुसता थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या दरानं ४० टनांवरच्या गाडीला ४४,२४२ होता. उरलेल्यातून अजून एक चांगली रक्कम बाजूला ठेवा, कारण गिअरबॉक्स आणि क्राऊन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) उभ्या गाडीत कुणालाच कळत नाही. मालकाची किंमत जे उरलं त्याच्या आत, भंगाराच्या जवळ असेल तर घ्या, मालक त्याच्या दुप्पट मागत असेल तर नमस्कार करा.

५) आणताना

टोचन करायच्या आधी प्रॉपेलर शाफ्ट सोडवा, नाहीतर चाकं फिरतात, गिअरबॉक्सला आतून ऑइल पोचत नाही आणि चांगला बॉक्स रस्त्यातच जातो. हवा नसली की मागचे स्प्रिंग ब्रेक लागलेलेच राहतात, पुढच्या गाडीतून हवा द्या किंवा ब्रेक चेंबरचा बोल्ट लावून मिस्त्रीकडून सोडवा, हा चेंबर खोलायचा प्रयत्न कुणी करू नका, आतली स्प्रिंग माणूस मारते. ब्रेक नसलेली गाडी खंबाटकीतून टोचन करून आणायची नाही, सरळ लो-बेड (गाडी वर चढवून नेणारा बुटका ट्रेलर) बोलवा.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देतानाच घ्या, ट्रान्सफरला राज्यातल्या गाडीला विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ पण टाका, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि एक प्रत विकणाऱ्याकडं ठेवा, त्यालाही तुमच्याइतकीच ती लागणार आहे.